उजव्या बुटातली किल्ली

होलिन्स फोर्जच्या बेसबॉल मैदानात तिसऱ्या बेसमागचा जिना उतरलं की क्लबहाऊस लागायचं. खोलीला खिडकी एकच, तीही छताला टेकलेली, आणि तिच्यातून दिसायचे ते येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. त्या खोलीत ओंद्रेय हुडाकने बावीस वर्षं काढली. हॅमर्स संघाचे लोकरी कपडे धुवायचे, फाटलेले गुडघे शिवायचे, बुटांच्या खिळ्यांत अडकलेला चिखल बोथट सुरीने खरवडायचा, हे त्याचं काम. संघाचे किती सामने पाहिलेस असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "पाहिले कुठले? धुतले."

आणि ते खरंच होतं. कोण बेसवर घसरत पोचला, कोण कुंपणावर आपटला, कोण अख्खा दिवस बाकावर बसून तंबाखू थुंकत राहिला, हे त्याला कपड्यांच्या डागांवरून कळायचं. पेपरवाल्यांना कळायच्या आधी कळायचं म्हणा ना.

भिंतीवर चोवीस खुंट्या होत्या. प्रत्येक खुंटीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर खेळाडूचं नाव. माणूस आला की पट्टी लावायची, गेला की ओढून काढायची. आमची लीग खालच्या पायरीवरची. खेळाडू चांगला निघाला तर वरचे उचलून न्यायचे, वाईट निघाला तर मॅनेजर त्याला घरी पाठवायचा. राहायचं असं कुणी नाहीच. १९५२च्या सीझनला जुलै उजाडेपर्यंत ओंद्रेयने एकोणीस पट्ट्या ओढल्या होत्या. पूर्वी पट्टी काढताना तो त्या माणसाचं नाव एकदा मोठ्याने वाचायचा. त्या वर्षी तेही सोडलं. ऐकायला कोण होतं?

ऐकणारी त्याची बायको झोफिया फेब्रुवारीत वारली होती. शर्टांच्या पाठीवरचे आकडे तीच शिवायची. डाव्या कुंपणामागच्या दोऱ्यांवर दोघं मिळून कपडे वाळत घालायची, एका टोकाला ती, एका टोकाला तो, आणि मधल्या पांढऱ्या पँटींच्या रांगेतून त्यांचं भांडण चालायचं. भांडण म्हणजे तीच बोलायची. ओंद्रेयचा स्वभाव असा की साध्या प्रश्नालाही उत्तर द्यायला त्याला वेळ लागे. "याला हो म्हणायला पाव भाजून होईस्तोवर वेळ लागतो," असं ती शेजारणींना सांगायची. लग्नाचं विचारलं तेही तिनेच, आणि म्हणे पाव करपला होता.

आता संघ बसने दोन-दोन आठवडे बाहेरगावी गेला की तो रिकाम्या क्लबहाऊसमध्ये एकटा बसे. काम नसलं तरी येई, कारण घरी जाऊन करायचं काय? घरी तो उभ्यानेच पाव नि कांदा खायचा. हालुश्की करणं त्याने बंद केलं होतं. बटाटा किसून, पिठात मळून, त्याचे बारके गोळे उकळत्या पाण्यात सोडायचे आणि वर चीज घालायचं, एवढा खटाटोप एका माणसासाठी कुणी करत नाही. घराच्या माळ्यावरची खोलीही बंद होती. तिचा जिना बाहेरून होता, कुलूप वेगळं होतं. झोफिया तिथे पोलादाच्या कारखान्यातले भाडेकरू ठेवायची. ती आजारी पडली तेव्हा शेवटचा भाडेकरू गेला, आणि किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर लटकत राहिली.

मे महिन्यात व्हर्लिन टॅकेट आला. केंटकीच्या डोंगरातला, डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, वय पस्तीस. बारा वर्षांपूर्वी तो सगळ्यात वरच्या लीगमध्ये अकरा दिवस खेळला होता. त्यानंतर दरवर्षी एकेक पायरी उतरत आमच्याकडे पोचला. संघातली वीस-बावीसची पोरं त्याला 'आजोबा' म्हणायची, तेही पाठीमागे. समोर ती बोलायचीच नाहीत. उतरतीला लागलेल्या माणसाशेजारी बसलं तर ते आपल्याला लागतं असा खेळाडूंचा समज असतो. त्यांना दोष तरी किती द्यायचा? प्रत्येकाला वर जायचं होतं.

सामना दुपारी तीनला असायचा. व्हर्लिन अकरालाच हजर. पहिल्या दिवशी तो दारात उभा राहिला.

"इथं बसलो तर चालंल का?"

"बसायला बाक आहे," ओंद्रेय मान वर न करता म्हणाला. "गप्पा मारायला माझ्याकडे काही नाही."

"माझ्याकडं हायत की. माझ्यातल्या वापरू."

आणि तो बोलत बसला. भावाच्या शेतावरचं गाढव, सोडून गेलेली बायको, अकरा दिवसांतला एक असा चेंडू जो त्याच्या मते अजून हवेतच होता. ओंद्रेय मोजे पिळत ऐकायचा. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "मग त्या गाढवाचं काय झालं?" एवढ्या प्रश्नाने व्हर्लिन इतका खूश झाला की गाढवाला त्याने आणखी दोन वर्षं जिवंत ठेवलं.

जूनमध्ये एके सकाळी ओंद्रेयने बटाटे आणले. कपडे उकळायच्या शेगडीशेजारी छोटी शेगडी होती, तिच्यावर पातेलं चढवलं.

"हे काय? खडे शिजवतोस होय रं म्हाताऱ्या?"

"खा आणि गप्प बस."

"दोन्ही एकदम न्हाई जमायचं मला."

खाताना मात्र जमलं. तिसऱ्यांदा ताट पुढे करताना व्हर्लिन म्हणाला, "अजून चार खडे टाक. भिंत बांधायची हाय." त्या दिवसापासून जेवण दोघांचं व्हायला लागलं. संघ बाहेरगावी गेला की ओंद्रेय पुन्हा पाव-कांद्यावर यायचा, पण आता तो कॅलेंडर बघायचा.

एक सांगायला हवं. ओंद्रेय बाकी बोलत नसला तरी एक वाक्य रोज प्रत्येकाला ऐकवायचा: "बूट झटकून घाला." कधीकाळी एका खेळाडूच्या बुटात गांधीलमाशी निघाली होती आणि तो सामना त्याने एका पायावर खेळून काढला होता. पोरं त्याची नक्कल करायची, हेल काढून, "बूऽट झटकून घाला!" व्हर्लिन तर जेवायला बसतानाही चमचा झटकायचा.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी सामन्याआधी व्हर्लिन आला. बराच वेळ त्याने बुटांच्या नाड्या ओवल्या, काढल्या, पुन्हा ओवल्या.

"हुडाक, पंधरा दिवसांत सीझन संपतोय."

"हं."

"माझा हात संपत आलाय. पुढच्या साली कुणी घेणार न्हाई. भावाच्या घरी आता त्याचे जावई ऱ्हातात. मी म्हणत होतो, तुझी ती वरची खोली. हितं कारखान्यात काम बघतो. तुला लाकडं फोडून देईन. आणि बोलायचं काम माझ्याकडं, ते तर हायच."

ओंद्रेयच्या हातात ओला शर्ट होता. त्याला वाटलं, आत्ता हो म्हणावं. वाटलं म्हणजे किती वाटलं! डिसेंबरातलं ते घर त्याच्या डोळ्यांसमोर आलं, वरच्या जिन्यावर पावलं वाजताहेत, कुणीतरी बर्फ झटकत दार उघडतंय. मग त्याला आठवलं की खिडकीला अजून झोफियाचेच पडदे आहेत. भाडेकरूचं तीच ठरवायची, त्याने कधी कुणाला हो-नाही सांगितलंच नव्हतं. त्याने शर्ट पिळला, झटकला, पुन्हा पिळला.

"सामना झाल्यावर सांगतो," तो म्हणाला.

"सांग," व्हर्लिन म्हणाला आणि वर गेला.

त्या दिवशी समोर केंटनचा संघ होता. ओंद्रेय खाली होता, पण वरच्या लाकडी बाकांवरचा गोंगाट त्याला पाठ होता. चौथ्या डावात तो गोंगाट बदलला. पाचव्यात आणखी. लोक ओरडायचे, मग एकदम चूप व्हायचे. सहाव्यात त्याने जिन्यातून डोकं वर काढून फळा बघितला. केंटनचे फटके: शून्य. म्हणजे व्हर्लिनच्या चेंडूवर अजून एकालाही धड फटका मारून बेस गाठता आला नव्हता. नवांतले उरलेले तीन डाव असेच गेले, तर पिचरच्या आयुष्यात एकदा येते, आणि बहुतेकांच्या येतच नाही, ती गोष्ट होणार होती.

आणि अशा वेळी एक रीत असते. पिचरशी बोलायचं नाही. त्याच्याकडे बघायचं नाही, बाकावर त्याच्याजवळ बसायचं नाही, चालू आहे त्याचं नाव काढायचं नाही. बोललं की मोडलं. ओंद्रेयने पाहिलं, व्हर्लिन डगआउटच्या, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकाच्या, टोकाला एकटा बसला होता आणि सगळा संघ दुसऱ्या टोकाला दाटीवाटीने चिकटला होता. तसा तो मेपासून एकटाच बसत होता, म्हणा. फरक एवढाच की आज ते मानाने होतं.

सातव्या डावानंतर व्हर्लिन घामाने भिजलेला आतला शर्ट बदलायला खाली आला. ओंद्रेयने कोरडा शर्ट पुढे धरला. दीड तासात त्याच्याशी कुणी अक्षर बोललं नव्हतं.

"म्हाताऱ्या, काहीतरी बोल."

ओंद्रेय शर्टाकडे बघत राहिला.

"वर सगळे मला मेल्यागत वागवतायत. रीत मला ठाव हाय रं. पर तू बोल. हो म्हण, न्हाई म्हण, खडे कसे शिजवतात ते सांग. कायबी."

बावीस वर्षांत ओंद्रेयने ही रीत मोडली नव्हती. याच माणसासाठी मोडावी अशी त्याची इच्छा होती आणि याच माणसासाठी मोडू नये असंही होतं. त्याने ओला शर्ट घेतला, पाठ फिरवली आणि बादलीत तो बुडवत राहिला, जणू जगात तेवढंच काम उरलं होतं. मागून व्हर्लिनचं हसू ऐकू आलं, लहानसं.

"तू बी तसलाच," तो म्हणाला, आणि जिन्यावर त्याच्या खिळ्यांचा आवाज वर वर गेला.

आठवा डाव गेला. नववा गेला. मग बाकांवरून असा आवाज कोसळला की खुंट्यांवरचे कपडे हलले. ओंद्रेय बादलीशेजारी उभ्या उभ्या रडला. आनंदाने रडला, हे त्याने मागून मला, त्याच्या शेजाऱ्यालाच, सांगितलं, कारण तेव्हा विचारायला कुणी नव्हतं.

सगळा संघ व्हर्लिनला उचलून खाली घेऊन आला. ज्यांनी चार महिने तोंड उघडलं नव्हतं ती पोरं त्याच्या डोक्यावर बिअर ओतत होती. ओंद्रेय लाकडी पेट्यांच्या कडेने वाट काढत निघाला. उत्तर तयार होतं, जिभेवर होतं. तेवढ्यात मॅनेजर बर्ल कीओ दारातून ओरडला, "टॅकेट! ब्रॅडनफील्डचा फोन होता! त्यांचे दोन पिचर जायबंदी झालेत, उद्या तू त्यांच्याकडे! सहा-दहाची गाडी पकड! हुडाक, याची बॅग भर!"

ब्रॅडनफील्ड म्हणजे दोन पायऱ्या वर. पोरांनी पुन्हा आरोळी ठोकली.

ओंद्रेय बॅग भरायला लागला. आता काय सांगायचं? वर निघालेल्या माणसाला म्हणायचं, माझ्या माळ्यावरच्या खोलीत राहायला ये? तो हात उंचावून उभा आहे आणि आपण त्याच्या कोटाचं टोक धरून ओढायचं? आणि तेही या तीस जणांसमोर? पण न सांगता त्याला जाऊही देववेना. मैदानापासून त्याचं घर दोन गल्ल्या. तो मागच्या दाराने निघाला, साठीतला माणूस धावला, खिळ्यावरची किल्ली घेतली आणि धापा टाकत परत आला. क्लबहाऊसच्या किल्ल्यांना अडकवायचे पितळी बिल्ले त्याच्याकडे होते, 'हॅमर्स, होलिन्स फोर्ज' असं कोरलेले. त्यातला एक त्याने किल्लीला बांधला, कुणाची ते कळावं म्हणून. आणि ती किल्ली व्हर्लिनच्या खेळायच्या बुटांपैकी उजव्या बुटाच्या अगदी पुढे, अंगठ्याच्या जागी सरकवली.

दारात व्हर्लिन थांबला. केस ओले, कोट उलटा घातलेला.

"म्हाताऱ्या, ते आपलं ऱ्हायलं की."

सगळे बघत होते.

"तू आधी जा," ओंद्रेय म्हणाला. "गाडी चुकेल." मग त्याचा दंड धरून म्हणाला, "आणि बूट झटकून घाल. ऐकलंस? झटकून घाल."

"बूऽट झटकून घाला!" पोरं एका सुरात ओरडली. व्हर्लिनही हसला, पण जरा उशिराने. मग तो गेला. संध्याकाळी सगळे पांगल्यावर ओंद्रेयने 'टॅकेट'ची पट्टी काढली आणि कित्येक महिन्यांनी नाव मोठ्याने वाचलं.

ओंद्रेयचा सप्टेंबर बरा गेला. सीझन संपला, पोरं आपापल्या गावी गेली, कपडे कापराच्या गोळ्या घालून पेट्यांत गेले. त्याने जोडीच्या दुसऱ्या किल्लीने वरची खोली उघडून झाडली. पडदे धुतले आणि तेच परत लावले. झोफियाची हरकत नसेल असं त्याने ठरवलं. शेगडीची नळी साफ केली. महिन्याच्या मध्यावर ब्रॅडनफील्डहून पोस्टकार्ड आलं. अक्षर पोरकट, ओळी तिरक्या: "इथं आपला राजेशाही थाट हाय. बॅगसुद्धा आपल्याला उघडू देत न्हाईत, बूट चकाचक करून खुंटीखाली आयते मांडून ठेवतात. सूप मात्र पाणी. हात दुखतोय."

ओंद्रेयने ते तीनदा वाचलं आणि आपल्या धंद्यातल्या माणसाचं कौतुक झालं म्हणून त्याला बरं वाटलं. किल्लीबद्दल त्यात काही नव्हतं. लाजला असेल, त्याला वाटलं. अशा गोष्टी कार्डावर कोण लिहितो? त्याने बटाट्याचं पोतं आणून ठेवलं.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात एक जाड पाकीट आलं. पत्ता नुसताच: क्लबहाऊसवाला, हॅमर्स, होलिन्स फोर्ज. उघडलं तर टेबलावर किल्ली पडली, बिल्ल्यासकट.

पहिल्यांदा त्याला वाटलं, व्हर्लिनने नाही म्हटलं. तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ चिठ्ठीला हात लावला नाही. मग उघडली. ब्रॅडनफील्डच्या क्लबहाऊसवाल्याची होती.

"भाऊ, तुमच्याकडून आलेल्या डावखुऱ्या टॅकेटच्या बुटात ही सापडली. तुमचा बिल्ला आहे, तेव्हा तुमचीच. बूट साफ करायच्या आधी आम्ही झटकतो, तुम्हीही झटकत असाल. त्याला विचारायचं राहिलं, आणि सीझनच्या गडबडीत पाठवायचीही राहिली, माफ करा. तो गेला. हाताने दगा दिला, सीझनच्या शेवटच्या रविवारी त्याला काढलं. कुठे गेला कुणाला माहीत नाही. जाताना मला तुमच्या गावची गाडी किती वाजता आहे ते विचारलं होतं. मी बघून सांगितलं, तर म्हणाला, राहू दे, तिकडून काही बोलावणं नाही."

ओंद्रेयने किल्ली मुठीत धरली. नवीन खेळाडू आला की त्याची बॅग कोण उघडतं? तोच. बावीस वर्षं. बूट कोण झटकतं? तोच. असल्या बुटांतून त्याने काय काय काढलं होतं, लग्नाच्या अंगठ्या, देवाची पदकं, मुलींचे फोटो, आणि कुणाला न विचारता फळीवर ठेवून दिलं होतं. वरच्या संघातही एक ओंद्रेय असणार, हे जगात कुणाला नाही तरी त्याला सुचायला हवं होतं. पण माणूस निघाला की आपल्याला आपलाच हात दिसतो, दुसऱ्याचा दिसत नाही.

त्याने व्हर्लिनच्या भावाच्या शेतावर पत्र लिहिलं, जिल्ह्याचं नाव गप्पांतून आठवलं तेवढं घालून. ते नोव्हेंबरात परत आलं. ब्रॅडनफील्डला लिहिलं, त्यांनाही नवं काही माहीत नव्हतं. मग लिहायला पत्ता उरला नाही.

पहिला बर्फ पडला त्या सकाळी शेगडीच्या नळीवरचा बर्फ पाडायला त्याने आमच्या दारातून शिडी नेली, म्हणून मला हे माहीत. बाहेरच्या जिन्यावरचा बर्फ त्याने ओढून काढला, वर गेला, कुलूप उघडलं, आणि मग कोयंड्यासकट ते उपटूनच काढलं. बैल गेला नि झोपा केला, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. त्याने खोलीतली शेगडी पेटवली, खाली येऊन पातेलं चढवलं, आणि पीठ दोन माणसांचं मळलं. मी शिडी परत घ्यायला गेलो तेव्हा तो वरच्या दारात उभा होता. रस्त्यावर कुणीही नव्हतं.

"हो," तो म्हणाला. मला नव्हे. "हो म्हणालो होतो रे मी. ये."

मग त्याने मला आत बोलावलं आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. मी खाल्लं. तो शेगडीतल्या लाकडांकडे बघत बसला.